पाटीवरचं खवल्या मांजर

गोरेगावहून सेनगावकडे येणारी जीप एका वळणावर गिअर बदलते. तिथं उजव्या हाताला हिरवी पाटी आहे. पाटीवर एक प्राणी रंगवलाय. कान गाढवाच्या शिंगरासारखे, अंगावर पिंपाला मारतात तसे पट्टे आणि चेहऱ्यावर नुकताच बदलीचा हुकूम हातात पडल्याचा भाव. खाली लिहिलंय : ‘सावकाश जा. येथे खवल्या मांजराचे वास्तव्य आहे.’

या पाटीत दोन चुका आहेत. चित्रातला प्राणी खवल्या मांजर नाही, आणि खवल्या मांजर तिथं नाही. पहिली चूक पेंटरची. दुसरी माझी.

मी वीस-बावीस वर्षं वनरक्षक होतो. गेल्या वर्षी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. संपादकांनी ‘जंगलातले थरारक अनुभव’ मागितले तेव्हा मी दोन दिवस जुन्या डायऱ्या चाळल्या. वाघ मी सर्कशीत पाहिला. माझ्या नोकरीतला एकमेव थरार एका अशा जनावराचा आहे ज्याला दात नाहीत, जे कुणाच्या अंगावर येत नाही आणि भ्यालं तर स्वतःलाच मिठी मारून बसतं. त्याला मी मारलं. कागदावर मात्र ते पुढं पुष्कळ वर्षं जगलं, त्याला लेकरंही झाली.

आमच्या भागात जंगल म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. माझा मेहुणा पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याला मोठ्या ऐटीत माझं बीट, म्हणजे माझ्या राखणीतलं जंगल, दाखवायला नेलं. तासभर हिंडल्यावर तो म्हणाला, “दाजी, थकलो आता. जंगल अजून किती लांब हाय?” आम्ही त्या वेळी जंगलाच्या मधोमध उभे होतो. मुरमाचे माळ, खुरटी झुडपं, मधूनमधून सागाची रोपं आणि त्यांच्याभोवती चर. गार्डाचं काम म्हणजे कुऱ्हाडी अडवणं, वणवा विझवणं आणि रोपवनातून शेळ्या हाकलणं. त्यातलं शेवटचं काम रोजचं.

शेळ्या बहुतेक वेळा लिंबाजीमामाच्या असत. लिंबाजीमामा धनगर. माळाच्या पायथ्याला त्याची वस्ती, पन्नास-साठ मेंढ्या-शेळ्या, खांद्यावर घोंगडी. मी त्याच्या शेळ्या कोंडवाड्यात घालायचो, तो सोडवून न्यायचा आणि जाताना म्हणायचा, “बराबर हाय साहेब. तुमचं काम तुमी करा, शेळीचं शेळी करती.” त्या शेळ्यांच्या आणि माझ्या रोपांच्या भांडणात मी पंच कधीच नव्हतो, हरलेला पक्ष होतो.

पण त्या माळाची माहिती मला त्यानंच दिली. एकदा चराच्या कडेला एक बीळ दिसलं. मी डायरीत ‘साळिंदर’ लिहायला लागलो.

“साळिंदर न्हाई वो,” मामा म्हणाला. “खवल्या हाय. हे बघा, तोंडाला माती लावून घेतली आतून. खवल्या घरात असला की दार लावून निजतो. साळिंदराला एवढी रीत न्हाई.”

मग त्यानं सगळं सांगितलं. खवल्या दिवसा निजतो आणि अंधारात हिंडतो. पुढच्या पायाची नखं वारूळ फोडायला लागतात म्हणून चालताना ती आत दुमडून घेतो, “नवी चप्पल हातात घेऊन चिखलातनं चालणाऱ्या माणसावानी.” नजर अधू, नाक तिखट. हातभर लांब चिकट जीभ वारुळात घालतो, मुंग्या आणि वाळवी ओढतो, दुसरं काही खात नाही. वर्षाला एकच लेकरू. ते मायच्या शेपटावर बसून फिरतं. कुत्रं आडवं आलं तर माय लेकराला पोटाशी घेऊन गोळा होते. “मंग वाघ आला तरी दात आपटून जाईल,” मामा म्हणाला. “फकस्त माणूस उचलून नेतो. गोळा झालेलं उचलाया सोपं पडतं ना.”

मी हे सगळं ऐकलं. खात्याच्या कोणत्याही प्रशिक्षणात यातलं एक वाक्यही मला शिकवलं नव्हतं, म्हणून ते खरं असेल असं मला फारसं वाटलं नाही.

त्याच वर्षी वन्यजीव सप्ताहात मी देवळाच्या पारावर भाषण केलं. नवा गणवेश, हातात छापील कागद. “कोणताही वन्यप्राणी दिसल्यास पकडू नये. सापडल्यास परस्पर सोडू नये. तात्काळ आमच्या ताब्यात द्यावा. अन्यथा गुन्हा दाखल होईल.”

लिंबाजीमामा मागून म्हणाला, “पकडायचं न्हाई, तं ताब्यात कसं देयाचं?”

पार हसला. मला राग आला. “नियम आहे, मामा.”

“व्हय व्हय,” तो म्हणाला. “नियम हाय तं ऱ्हाऊ द्या.”

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. एका शेतकऱ्यानं हळदीसाठी माळालगतची जमीन सपाट करायला घेतली. बांध फोडताना बीळ फुटलं आणि खवल्या बाहेर आला. माणसं जमली. कुणी काठीनं ढकललं, कुणी म्हणालं खवले विकत घेणारा एक माणूस वसमतच्या बाजाराला येतो. लिंबाजीमामा शेळ्या सोडून मधे घुसला, ते गोळा झालेलं जनावर घोंगडीत बांधलं आणि आठ किलोमीटर चालत माझ्या ऑफिसात आला. माळ त्याच्या पायाखाली होता. हजार जागा होत्या सोडायला. पण मी पारावर गुन्ह्याची भीती घातली होती.

“साहेब, लिहून घ्या नि आताच सोडा,” तो धापा टाकत म्हणाला. “माळाच्या पल्याड वारूळ हाय, मी दावतो. हे उपाशी ऱ्हात न्हाई.”

“पंचनामा करावा लागेल, मामा. लगेच होईल.”

‘लगेच’ हा शब्द आमच्या खात्यात किती दिवसांचा असतो, हे मला माहीत होतं.

माझ्यावरचे वनपाल, त्यांना आम्ही राऊंडसाहेब म्हणायचो, ते स्वभावानं वाईट नव्हते. त्यांना फक्त कोरा रकाना सहन होत नसे. फॉर्म काढला. पहिला रकाना लांबी.

“गोल आहे साहेब. उलगडत नाही.”

“गोल वस्तूचं काय मोजतात?”

“व्यास.”

“मग व्यास लिहा.” मी ‘लांबी’पुढं व्यास लिहिला. नर की मादी? गोळ्याला कुठून बघणार? ‘अनिर्णित’ लिहिलं. रंग, वजन, स्वभाव. स्वभावापुढं राऊंडसाहेबांनी स्वतः लिहिलं, ‘असहकार्य’.

मग आहार. साहेबांनी कपाटातून एक जाड इंग्रजी प्राणीकोश काढला. तो कुणी, कधी, काहून आणला कुणास ठाऊक. पानं उलटत ते एका चित्रावर थांबले. “हे बघा. कवच आहे, मुंग्या खातो, गोळा होतो. आर्माडिलो.”

मी वाचलं. “साहेब, हा अमेरिकेतला आहे.”

“प्राण्याला काय माहीत तो कुठला आहे?”

कोशात लिहिलं होतं की आर्माडिलो किडे खातो, अंडी खातो, फळं आणि कंदही खातो. त्यानुसार आमच्या पाहुण्यापुढं उकडलेलं अंडं, केळ आणि बशीत दूध ठेवलं. तो अख्खी रात्र गोळा होऊन राहिला. सकाळी केळ्याला मुंग्या लागल्या होत्या. त्या मुंग्या साहेबांच्या सांगण्यावरून झाडून काढल्या. त्या खोलीत त्याच्या उपयोगाचं तेवढंच काही होतं.

सोडायचं काहून नाही? तर वरच्या ऑफिसला फोन गेला होता. मोठे साहेब खुश झाले. असा दुर्मिळ प्राणी, तो आपल्या हस्ते मुक्त व्हायला हवा. पण त्या दिवशी मीटिंग होती, दुसऱ्या दिवशी दौरा. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता ठरलं. वार्ताहरही येणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाजीमामा डोक्यावर पाटी घेऊन आला. पाटीत वारुळाचं मोठं ढेकूळ, आत जिवंत वाळवी वळवळत होती. भल्या पहाटे फोडून आणलं असणार.

“हे ठिवा त्याच्यापुढं. बघा कसं उलगडतं ते.”

राऊंडसाहेब खुर्चीतून उठलेच. “वाळवी? ऑफिसात? अहो, रेकॉर्ड खाईल ती! ठेवा बाहेर!”

मामानं माझ्याकडं पाहिलं. खवल्याचा पिंजरा रेकॉर्डच्या खोलीत होता, कारण कुलूप लागणारी तेवढी एकच खोली होती. किल्ली माझ्या खिशात होती. हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तीन दिवस किल्ली माझ्याच खिशात होती. पिंजरा उचलून अंगणात आणला असता तरी झालं असतं.

मी म्हणालो, “मामा, व्हरांड्यात ठेवा. बघू.”

तो व्हरांड्यात पाटीशेजारी बसून राहिला. दुपारपर्यंत क्वार्टरमधल्या कोंबड्यांनी ते वारूळ साफ केलं. मग तो उठला आणि रिकामी पाटी बगलेत मारून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला मी पिंजरा उघडला. रोज हात लावला की खवल्या आणखी घट्ट व्हायचा, आतून फुसकारायचा. त्या दिवशी हात लावल्यावर तो सैल झाला. शेपूट एका बाजूला घरंगळलं. पहिल्यांदाच मला त्याचं तोंड दिसलं. निमुळतं, पांढरट, मिटलेलं.

मी राऊंडसाहेबांना बोलावलं. त्यांनी प्राण्याकडं बघितलं. घड्याळ बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, “जिवंत असताना कसं दिसत होतं?”

“गोळा.”

“मग?”

त्या ‘मग’चा अर्थ मला कळायला नको होता. कळला. मी या दोन हातांनी त्याचं डोकं पोटाशी नेलं, शेपूट वरून वळवून घेतलं आणि ते तसंच राहीपर्यंत धरून बसलो. लेकराला थोपटून निजवतात, तसा बसलो होतो.

अकरा म्हणजे साडेबाराला मोठे साहेब आले. वळणावरच्या माळावर, आता पाटी आहे तिथं, सतरंजी अंथरली होती. साहेबांनी हातमोजे घातले, प्राणी उचलला, कॅमेऱ्यांकडं बघितलं आणि गवतावर ठेवला. टाळ्या वाजल्या. प्राणी हलला नाही.

“लाजाळू आहे,” राऊंडसाहेब म्हणाले.

“माणसांची गर्दी आहे ना,” मोठे साहेब समजूतदारपणे म्हणाले. “आपण गेलो की जाईल.” मग त्यांनी मुक्त जीवनाचं महत्त्व या विषयावर दहा मिनिटं भाषण केलं. मेलेला खवल्या पहिल्या रांगेत होता. तेवढ्या शांतपणे दुसरं कुणीही ते भाषण ऐकलं नाही.

गर्दीत लिंबाजीमामा होता. भाषण संपल्यावर तो पुढं आला, वाकला, खवल्याच्या पाठीवर हात ठेवला. मग माझ्याकडं बघितलं.

“निजलंय,” मी म्हणालो.

“व्हय,” तो म्हणाला.

संध्याकाळी मी फावडं घेऊन एकटाच माळावर गेलो. प्राणी जागेवर नव्हता. लांब एका वारुळाच्या मुळाशी नवे दगड रचलेले दिसले. मी तसाच परत आलो आणि रजिस्टरमध्ये लिहिलं : ‘सदर प्राण्यास नैसर्गिक अधिवासात सुखरूप मुक्त केले.’ खाली सही केली. सही छान आली होती.

इथून पुढं खवल्याचं दुसरं आयुष्य सुरू झालं. दरवर्षीच्या प्राणीगणनेत मी ‘खवल्या मांजर : एक’ लिहीत गेलो. सुखरूप मुक्त केलेला प्राणी शून्य कसा दाखवणार? काही वर्षांनी वरून पत्र आलं : ‘संरक्षण असूनही सदर प्राण्याच्या संख्येत वाढ का झाली नाही, याचा खुलासा करावा.’

राऊंडसाहेबांनी पुन्हा कोश काढला. आर्माडिलोच्या एका जातीत मादीला एका वेळी चार पिल्लं होतात, चारही हुबेहूब सारखी. साहेबांचा चेहरा उजळला. “एक अधिक चार, पाच.”

“आणि बाप, साहेब?”

“तो गणनेत आला नसेल.”

अशी पाच झाली. मग नवा जिल्हा झाला. टेबलं, कपाटं, टाईपरायटर यांच्या वाटण्या झाल्या. पाच खवल्या मांजरं हिंगोलीच्या वाट्याला आली आणि ती मिळाल्याची पोच परभणीला पाठवावी लागली. ती मीच लिहिली. नव्या जिल्ह्याला स्वतःचं काहीतरी असावं म्हणून पाटी लावायचं ठरलं. हिंगोलीच्या पेंटरसमोर कोशातलं चित्र ठेवलं. मी भीत भीत म्हणालो, “खवल्याला असे कान नसतात.”

तो ब्रश थांबवून म्हणाला, “साब, कान नहीं निकाले तो घूस दिखता.”

मोठ्या पाटीशेजारी छोटी पाटी आली, प्राण्याच्या सवयींची. तीही कोशातून. ‘घाबरल्यास सरळ वर उडी मारतो. श्वास रोखून पाण्याच्या तळावरून चालत नदी ओलांडतो.’ सुट्टीच्या दिवशी माणसं मोटारसायकली थांबवून उडी बघायला उभी राहायची. सिद्धेश्वरच्या धरणावर एकाचं जाळं फाटलं, तर त्यानं आमच्याच प्राण्यावर संशय घेतला. तळातून आला असेल म्हणाला.

त्या अमेरिकन प्राण्याविषयी माझ्या मनात काही वाकडं नाही. पुढं मी त्याच्याविषयी शिकून घेतलं. त्याच्या अंगावर हाडाचं कवच असतं, आमच्याच्या अंगावर नखांसारखे खवले. त्याला दात असतात, तो मिळेल ते खातो, अनोळखी मुलखात पाय पसरतो. माझे राऊंडसाहेबही तसेच, म्हणून त्यांना बढती मिळत गेली. आमचं जनावर एकाच अन्नावर, एकाच घरात राहणारं. त्याला उचलून दुसऱ्याच्या रकान्यात घातलं की ते मरतं.

लिंबाजीमामा मात्र त्या दिवसापासून माझ्याशी ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ यापलीकडं बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. त्याच्या शेळ्यासुद्धा माझ्या रोपवनात येईनाशा झाल्या. तो त्यांना मैलभर वळसा घालून नेऊ लागला. माझी सागाची रोपं जोमानं वाढली, त्याबद्दल मला प्रशस्तिपत्रक मिळालं. ते मी भिंतीवर लावलेलं नाही.

नोकरीची शेवटची तीन वर्षं उरली होती तेव्हा बोडख्या माळावर मुरमाची खाण काढायचा अर्ज आला. हा माळ पाटीपासून दोन-अडीच कोस आत. माझा दाखला हवा होता : ‘सदर ठिकाणी वन्यप्राण्यांचे वास्तव्य नाही.’ फाईलवर वरून टिपण आलं होतं की तालुक्यातली सर्व खवल्या मांजरं पाटीच्या माळावर असल्याचं अभिलेखावरून दिसतं, तेव्हा हरकत नसावी.

अभिलेख माझाच होता.

दुसऱ्या दिवशी लिंबाजीमामा ऑफिसच्या पायरीशी येऊन उभा राहिला. पार वाकला होता. आत आला नाही.

“साहेब, बोडख्या माळाची सही करून दिली का?”

“अजून नाही.”

“तिथं हाय.”

“काय?”

“तुमाला म्हाईत हाय काय ते. शेपटावर लेकरू हाय.” मग तो म्हणाला, “मी कुणाला बोललो न्हाई इतकी वर्सं. तुमाला तं न्हाईच न्हाई. आता इलाज न्हाई म्हनून आलो.”

मी म्हणालो, “मामा, आता जे लिहीन ते खरं लिहीन.”

“ते तुमचं तुमी बघा,” तो म्हणाला. “लेकरू लई बारीक हाय.”

बोडख्या माळावर खवल्या आहे एवढं लिहून भागणार नव्हतं. पुरावा म्हणून धरून आणायला सांगितलं असतं, आणि तो पिंजरा कुठं ठेवला जातो ते मी पाहिलं होतं. नाहीतर म्हणाले असते, पाचापैकी एखादा फिरायला गेला असेल. पाटी खोटी ठरल्याशिवाय माळ वाचणार नव्हता. मी तीन पानं लिहिली. प्राणी माझ्या ताब्यात उपासानं मेला. मेलेला असताना सोडला. गोळा मी केला. पिल्लं कधीच झाली नाहीत. चूक माझी, शिक्षा मान्य. बोडख्या माळावर मात्र जिवंत आहे, म्हणून दाखला देता येत नाही.

घरी बायकोला सांगितलं. ती पोळी लाटायची थांबली. “इतकी वर्षं मनात ठेवून जेवत होतात?” एवढंच म्हणाली. त्या रात्री तिनं दुसरी पोळी वाढली नाही.

मी निलंबनाची वाट बघत राहिलो. पाच महिन्यांनी उत्तर आलं : ‘मृत प्राण्याचा पंचनामा व शवविच्छेदन अहवाल सोबत जोडलेला नाही. सबब सदर मृत्यू मान्य करता येत नाही. पाच जिवंत प्राण्यांबाबत फेरअहवाल सादर करावा.’ माझ्या सेवापुस्तकात ठपका आला. तो प्राणी मारल्याचा नाही, खोटं लिहिल्याचाही नाही. अपुरे कागद जोडल्याचा.

मी फेरअहवाल पाठवला. पुन्हा तेच लिहिलं. त्यावर शंका आली. शंकेला उत्तर, उत्तराला स्मरणपत्र. माझ्या दाखल्याशिवाय खाणीची फाईल पुढं सरकेना, आणि माझ्या मेलेल्या खवल्याचा निकाल लागल्याशिवाय दाखला होईना. पहिल्या खवल्याला ज्या दिरंगाईनं मारलं, तीच दिरंगाई आता बोडख्या माळावर पहाऱ्याला उभी राहिली. खाणवाला दोन वर्षांनी कंटाळला आणि त्यानं मुरूम दुसरीकडून उचलला. माझ्या खरेपणाचा यात वाटा किती, हे मी विचारायचं सोडून दिलंय.

निवृत्तीच्या आठवड्यात लिंबाजीमामा पुन्हा पायरीशी आला. “चला,” म्हणाला.

पाटीच्या वळणापासून दोन-अडीच कोस तो पुढं आणि मी मागं. उन्हं कलली होती. बोडख्या माळाच्या पलीकडच्या उतारावर तो थांबला आणि बोटानं दाखवलं. एका धोंड्याखाली बीळ होतं. तोंड आतून मातीनं बंद. माती ताजी, ओलसर.

“आत हाय?” मी कुजबुजलो.

“दार लावलंय ना. म्हंजे हाय.”

मी खाली बसलो. थांबलो तर अंधार पडल्यावर बाहेर येईल, एकदा तरी उलगडलेला, चालता खवल्या बघायला मिळेल, असं वाटलं. मामानं मान हलवली.

“बघायचं न्हाई. उठा.”

मी उठलो. परत निघालो तेव्हा त्यानं मला पुढं घातलं. बऱ्याच वेळानं मागं काहीतरी खसखसतंय असं वाटून मी वळून पाहिलं. मामानं बाभळीची एक फांदी तोडून घेतली होती. वाकून, सावकाश, तो मातीतले माझे बुटांचे ठसे पुसत येत होता. स्वतःच्या पावलांचे मात्र त्यानं तसेच ठेवले होते.